लेकराची कातडी आणि लेकराचे ताट



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केली. त्या परंपरेत इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. आमचा आजचा विषय त्या मानाने फारच घरगुती आहे. मुलाच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते, चट्टे पडतात. आणि मग घरातील मंडळी त्या मुलाच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेऊ लागतात. एवढाच विषय. परंतु ज्या घरात असे खाजविणारे मूल आहे, त्या घराला तो एवढासा वाटत नाही. तेथे मूल रात्रभर तळमळते, आई त्याचे हात धरून बसते, आजी कडुलिंबाचा पाला आणावयास सांगते, आणि सकाळी सारेच डोळे चोळीत कामाला लागतात.

या भागात मुले तपासण्याचे काम आम्ही बरीच वर्षे करीत आहो. मूल घेऊन येणारी आई बहुधा एकच प्रश्न विचारते, 'डॉक्टरसाहेब, काय काय बंद करू?' वांगे तर तिने आधीच बंद केलेले असते. मग दूध, अंडे, शेंगदाणा, चिंच, गूळ, केळे अशी यादी लांबत जाते. 'लेकराला काय सुरू करू?' असे विचारणारी आई आम्हास क्वचितच भेटली. आहार आणि कातडी यांच्या संबंधातला अर्धा इतिहास खरे पाहता या दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि तो आपल्या या मुलखाशी चांगलाच निगडित आहे. म्हणून आरंभ तेथून करतो.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी आपण परभणीत होतो आणि १९५६ पर्यंत तर हैदराबाद राज्यात. दख्खनच्या या पठारावर गरिबाचे अन्न म्हणजे ज्वारी. सुगीत भाकरीबरोबर वरण, पालेभाजी, ताक असे काही मिळे. पण दुष्काळात नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा. अशा माणसांत एक रोग दिसे. मानेभोवती, हाताच्या पाठीवर, पायांच्या उघड्या भागावर, म्हणजे जेथे ऊन लागते तेथे, कातडी काळवंडे, तडके, तिचे पोपडे निघत. जोडीला हगवण लागे आणि पुढेपुढे बुद्धीही भ्रमे. या रोगाचे नाव पेलाग्रा. हे नाव इटालियन भाषेतले असून त्याचा अर्थच 'खरखरीत कातडी' असा आहे. स्पेनमधील कासाल नावाच्या वैद्याने १७३५ साली मक्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांत तो पाहिला होता, आणि मानेभोवतीच्या त्या काळ्या पट्ट्याला आजही 'कासालचा हार' असेच म्हणतात.

या रोगाची उकल ज्या रीतीने झाली ती मोठी चटकदार आहे, आणि तिच्यात मुलेच आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने हाहाकार उडविला होता. तो संसर्गजन्य आहे असे बहुतेक विद्वानांचे मत होते. १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टराची त्या कामी नेमणूक झाली. तो अनाथाश्रमांतून आणि वेड्यांच्या रुग्णालयांतून हिंडला. त्याने पाहिले की रुग्णांना हा रोग होतो, पण त्यांच्याबरोबर दिवसरात्र वावरणाऱ्या नोकरांना होत नाही. संसर्ग असता तर त्याने नोकर आणि रुग्ण असा भेद केला नसता! मिसिसिपी राज्यातील जॅक्सन गावच्या अनाथाश्रमांत तर त्याला आणखी एक मौज दिसली. अगदी लहान मुलांना रोग फारसा नाही, मोठ्यांना थोडा, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांत मात्र भरपूर. शोध करता कळले की लहानांना दूध मिळे, मोठी मुले कामाला जात म्हणून त्यांना थोडे मांस मिळे, आणि मधल्यांच्या वाट्याला मका, काकवी व चरबी एवढेच येई. गोल्डबर्गरने त्या मुलांना दूध, अंडी, मांस आणि शेंगाधान्ये देण्याची व्यवस्था केली. दुसरे काही औषध दिले नाही. वर्षभरात मुलांची कातडी स्वच्छ झाली. पुढे या आहाराचा पैसा संपला, एका आश्रमात जुने जेवण परत सुरू झाले आणि त्याच्यामागोमाग रोगही परतला. अन्नातील हा उणा घटक म्हणजे निकोटिनिक आम्ल, अर्थात नायसिन, हे १९३७ साली सिद्ध झाले.

आता आपल्याकडचे पाहा. कुन्नूर येथे मॅक्कॅरिसन यांनी सुरू केलेली पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ च्या सुमारास हैदराबादेस आली; आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील डॉ. गोपालन आणि श्रीकांतिया यांच्यापुढे एक कोडे होते. मक्यात नायसिन शरीराला लागू न पडणाऱ्या रूपात असते, म्हणून मका खाणाऱ्यांना पेलाग्रा होतो हे ठीक. पण ज्वारीची गोष्ट तशी नसताना दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्यांना तो का व्हावा? १९६० साली त्यांनी असे मत मांडले की ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन नावाचे आम्ल प्रमाणाबाहेर असते आणि ते शरीरातील नायसिनच्या घडणीत अडथळा आणते. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो पूर्णपणे मिटला असे म्हणता येणार नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की नुसत्या ज्वारीवर राहणारा माणूस आजारी पडला. ज्वारीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणा खाणारा पडला नाही. दोष भाकरीचा नव्हता, भाकरीशेजारच्या रिकाम्या जागेचा होता. शेंगदाण्यात नायसिन चांगले असते. आपल्या आज्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घालून लेकराच्या हाती देत, त्यांना हे रसायन ठाऊक नव्हते; पण रसायन आपले काम करीतच होते. (हल्ली ज्वारीला 'भरड धान्य' म्हणून शहरात फार मान मिळाला आहे. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी त्या धान्यांच्या नावे केले होते. जी भाकरी एकेकाळी गरिबीची खूण होती ती आता हॉटेलात पोळीहून महाग मिळते!)

पेलाग्रा आज आपल्याकडे दुर्मीळ झाला. परंतु दुसरी एक व्यथा अजून शाळेच्या तपासणीत दिसते, आणि ती मुलांचीच आहे. मुलाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर हात फिरवावा तर खवल्यांसारखे, किसणीसारखे बारीक टोकदार दाणे लागतात. खाज फारशी नसते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. 'अंघोळीला आळशी आहे' म्हणून मुलाला बोलणी मात्र बसतात. या प्रकाराला निकोल्स नावाच्या डॉक्टराने १९३३ साली जे ग्रीक नाव दिले त्याचा अर्थ 'बेडकाची कातडी'. प्रथम तो केवळ अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो असे समजत. पुढे आपल्याच देशातील संशोधनातून दिसले की अन्नातील आवश्यक स्निग्धाम्ले आणि ब वर्गातील जीवनसत्त्वे यांचाही त्यात मोठा भाग आहे. हैदराबादच्या त्या प्रयोगांत मुलांना ब जीवनसत्त्वांबरोबर करडईचे तेल दिले गेले आणि कातडी सुधारली.

करडई! हे नाव ऐकून येथील वयस्कर मंडळींना आपले शेत आठवले असेल. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी असत, म्हणजे गुरे आत शिरत नसत. कोवळ्या पानांची भाजी, बियांचे घाण्यावरचे तेल. या तेलाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्ल असतो, आणि कातडीचा वरचा थर पाणी धरून ठेवतो तो या आम्लाच्या जोरावर. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईच्या वाणांवर कामही केले. पण सोयाबीन आले आणि करडईची ओळ मोडली. मात्र एवढ्याने सर्वनाश झाला असे आम्ही म्हणत नाही, कारण सोयाबीनच्या तेलातही हे आम्ल भरपूर असते. पामतेलात ते पुष्कळच कमी. ज्या मुलाच्या कोपरावर किसणी लागते त्याच्या घरी कोणते तेल येते, किती येते, मुलाच्या ताटात हिरवा पाला, पिवळे फळ, अंडे, डाळ आहे की नाही, हे आम्ही आधी विचारतो. जवसाची किंवा कारळाची चटणी घरात असेल तर ती मुलाच्या भाकरीवर सढळ हाताने घालावी असे सुचवितो. येथे पथ्य म्हणजे वाढणे.

याहून भयंकर प्रकार थोडक्यात सांगतो. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये काम करताना एका बालरोगाचे वर्णन केले आणि १९३५ साली त्याचे तेथील लोकांच्या भाषेतले नाव जगापुढे ठेवले: क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आले म्हणून आईच्या अंगावरून दूर झालेल्या लेकराचा आजार, असा त्या नावाचा भावार्थ. पाय सुजतात, केस विटतात, आणि जुन्या भिंतीचा रंग जसा पापुद्र्यांनी सुटतो तशी कातडी सुटते. मलमाने ती जुळत नाही. जुळते ती रुग्णालयातील उपचाराने आणि अन्नाने.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ, म्हणजे 'काय बंद करू?' याकडे. हा प्रश्न बहुधा इसबाच्या मुलाबद्दल असतो. तान्हेपणी गालांवर लाल, ओलसर चट्टे. पुढे कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत जाड, कोरडी, खाजरी कातडी. घरात कोणाला दमा, कोणाला सतत शिंका, असेही आढळते. या रोगाचे मूळ कातडीच्या बांधकामात आहे. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की अशा काही मुलांत कातडीचा वरचा थर घट्ट बांधणारे एक प्रथिन जन्मतःच उणे असते. मातीच्या भिंतीतला गिलावा निघाला म्हणजे आतील ओल उडते आणि बाहेरची धूळ आत शिरते, तसे या कातडीचे होते. मग मार्च-एप्रिलची कोरडी हवा, घाम, लोकरीचा कपडा, उग्र साबण, सर्दी, हळद शिजविण्याच्या दिवसातली धूळ, साऱ्यानेच ती चिडते.

आणि येथेच आहारावरचा संशय कसा जन्मतो ते पाहण्यासारखे आहे. इसब हा भरती-ओहोटीचा रोग आहे. आपोआप वाढतो, आपोआप उतरतो. तो वाढला की आई मागे वळून पाहते: काल लेकराने काय खाल्ले होते? काही ना काही तर खाल्लेलेच असते! वांगे खाल्ले असेल तर वांगे आरोपी. ते बंद केल्यावर चार दिवसांनी इसब आपल्या स्वभावाने उतरला की आरोप सिद्ध झाला. महिन्याने तो पुन्हा वाढतो. मग नवा आरोपी. असे करीत वर्षभरात मुलाच्या ताटात भात आणि पातळ वरण उरते.

आमच्या वैद्यकपरंपरेला आम्ही येथे दोष देत नाही. चरकसंहितेत विरुद्ध आहाराचा विचार आहे आणि त्वचारोगांशी त्याचा संबंध जोडलेला आहे, हे खरे. पण त्या ग्रंथांतला वैद्य माणसाची प्रकृती, वय, बल, ऋतू, देश हे सारे पाहून पथ्य ठरवितो. 'बल' हा शब्द आपण विसरलो आणि पथ्य तेवढे लक्षात ठेवले. प्रौढ माणसाने महिनाभर दूध सोडले तर त्याचे फारसे बिघडत नाही. दोन वर्षांच्या मुलाला ती सवलत नाही, कारण त्याची उंची आणि मेंदू त्याच महिन्यांत घडत असतात.

एक उदाहरण सांगतो. सेनगावकडची एक आजी आपल्या अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आली. बरोबर मुलाची आई होती, पण बोलत होती ती आजीच.

'साहेब, वांगं बंद केलं, दूध बंद केलं, अंडं तर दावलंबी नाही. शेंगदाणे बंद, गूळ बंद. तरी रातच्याला खाज थांबंना गेलीय बघा.'

मूल काट्यावर ठेवले तर साडेनऊ किलो. त्या वयाचे मूल सर्वसाधारणपणे तेरा किलोच्या आसपास असावयास हवे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीजवळ बारीक पुटकुळ्या. आम्ही आईला विचारले, 'बाई, तुम्हाला खाज येते का?' तिने पदराखालचा हात हळूच पुढे केला. मोठ्या मुलाला? त्यालाही. आणि आजींना? आजी म्हणाल्या, 'आता उन्हाळा म्हटल्यावर खाजायचंच की.' घरातील पाचही माणसे रात्री खाजवीत होती. ती खरूज होती! एका सूक्ष्म किड्याचा रोग. आहाराशी त्याचा काडीचा संबंध नाही. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत औषध लावायचे, आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायचे, एवढे केले की संपले. खाज तीन-चार आठवड्यांत गेली. पण वर्षभर बंद ठेवलेल्या दुधा-अंड्याचे साडेतीन किलो भरून काढणे हे चार आठवड्यांचे काम नव्हते. अंगणवाडीच्या ताईंनी त्यानंतर महिनोन् महिने त्याचे वजन घेतले तेव्हा ते हळूहळू वर सरकले.

म्हणून आमची पहिली विनंती अशी की पदार्थ बंद करण्याआधी रोग कोणता ते ठरू द्यावे. गजकर्ण बुरशीचा असतो, त्याला दही सोडून काही होत नाही. गालावरचे पांढुरके डाग पाहून 'जंत झालेत' किंवा 'कॅल्शियम कमी आहे' असे सर्रास म्हणतात. ते बहुधा कोरड्या कातडीचे सौम्य इसबच असते आणि वयाबरोबर जाते. जंताचे औषध शाळेत मिळते ते अवश्य द्यावे, पण डागांसाठी म्हणून नव्हे.

मग अन्नाने कातडी बिघडतच नाही काय? बिघडते. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडविला आणि तेव्हापासून या गोष्टीचा कसून अभ्यास झाला आहे. मध्यम किंवा तीव्र इसब असलेल्या लहान मुलांतही साधारण एक तृतीयांशांत अन्नाची ॲलर्जी आढळते. सौम्य इसबात त्याहून पुष्कळ कमी. गुन्हेगार पदार्थही थोडेच असतात: गाईम्हशीचे दूध, अंडे, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, मासे. आपल्या देशात त्यांत हरभऱ्याची भर घालावी लागते. मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ साली हरभरा हा आपल्याकडचा एक प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचे दाखविले. वांग्याचे नाव या यादीत ठळकपणे नाही, हे ऐकून पुष्कळ आयांना नवल वाटते. वांग्याने काहींच्या तोंडाला खाज येते, क्वचित ॲलर्जीही होते. पण मराठी घरात त्याला जेवढी शिक्षा होते तेवढा त्याचा गुन्हा खासच नाही.

खरी ॲलर्जी ओळखण्याची खूण वेळात आहे. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, आणि पुढच्या वेळी तोच पदार्थ खाल्ल्यावर पुन्हा तसेच झाले, तर संशय बळकट. मात्र श्वास घरघरू लागला, मूल गळाठले, तर विचार करीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे, आणि तो पदार्थ घरी पुन्हा कधीही 'करून पाहू' नये. याउलट ज्याचा इसब दिवसामागून दिवस तसाच रेंगाळतो त्याच्या बाबतीत संशय असेल तर परीक्षा करावी लागते. एकच पदार्थ, डॉक्टरच्या सल्ल्याने, दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवावा. फरक पडला नाही तर तो पदार्थ निर्दोष, लगेच ताटात परत. फरक पडला तरी तो देखरेखीखाली पुन्हा देऊन पाहावा. रोग परत वाढला तरच दोष ठरला. आपल्याकडे या परीक्षेचा पहिला अर्धा भाग सगळे करतात. दुसरा अर्धा कोणीच करीत नाही, आणि मूल वर्षानुवर्षे निष्कारण दुधावाचून राहते.

शहरांतल्या काही प्रयोगशाळा रक्ताच्या एका थेंबावरून शे-दीडशे पदार्थांची यादी छापून देतात. त्यासाठी काही हजार रुपये मोजलेले पालक ती चळत घेऊन येतात तेव्हा आम्हास फार वाईट वाटते. रक्तात एखाद्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्य सापडणे म्हणजे ॲलर्जी नव्हे. ते अन्न मुकाट्याने पचविणाऱ्या मुलांतही ते सापडते. प्रत्यक्ष लक्षणे नसताना त्या यादीवरून एकही पदार्थ बंद करू नये.

उगाच बंद केल्याने दुहेरी नुकसान होते, आणि हे अलीकडे कळलेले सत्य फार महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे असे लंडनच्या प्राध्यापक लॅक यांना २००८ साली आढळले. फरक एवढाच की इस्राएलमध्ये तान्ह्या मुलांनाही शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ देतात, आणि ब्रिटनमध्ये तो टाळीत असत. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमाने द्यायचा, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत मुळीच नाही. २०१५ साली निकाल आला. टाळणाऱ्यांत शंभरात सतरा मुलांना ॲलर्जी झाली होती, खाणाऱ्यांत शंभरात तीन. म्हणजे ज्या भीतीने पदार्थ टाळला तीच भीती टाळण्याने खरी झाली. आमच्या खेड्यांतले बाळ सहा महिन्यांनंतर कुटाचे बोट चाटते, ते चांगलेच करते. (अख्खा दाणा मात्र लहान मुलाला देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. आणि तीव्र इसबाचे बाळ असेल तर पहिला घास डॉक्टरला विचारूनच द्यावा.)

याच प्राध्यापकांच्या विचारातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती येथे बसलेल्या आज्यांना उद्देशून आहे. त्यांचे म्हणणे असे की अन्न तोंडावाटे आत गेले तर शरीर त्याला ओळखीचे मानते. तेच अन्न फाटक्या कातडीतून आत गेले तर शरीर त्याला शत्रू समजू लागते. २००३ साली दिसले की ज्या बाळांच्या खाजऱ्या कातडीवर शेंगदाण्याच्या तेलाची मलमे लावली होती त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक होती. जपानमध्ये गव्हाचे प्रथिन घातलेला एक चेहऱ्याचा साबण निघाला होता. तो वापरून दोन हजारांहून अधिक माणसांना गव्हाची ॲलर्जी जडली आणि २०११ साली तो परत घ्यावा लागला. आता आपल्या घरी बाळाची अंघोळ आठवा. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, दुधाची साय, हळद, आणि वर खसखसून चोळणे! निरोगी कातडीच्या बाळाला हे शतकानुशतके मानवले आहे, आम्ही ते मोडा असे म्हणत नाही. पण ज्या बाळाच्या गालावर, कोपरात इसबाचे ओले चट्टे आहेत त्याला पीठ आणि साय लावू नये. हळदीचा लेपही नको. वसमतची हळद जगात जाते, हिंगोलीच्या बाजारात तिचे ढीग लागतात, तिचा अभिमान आम्हालाही आहे; तरी उघड्या इसबावर ती झोंबते आणि कधी कधी तिचीच ॲलर्जी होते. ती वरणात असावी.

ज्या थोड्या मुलांना दूध खरोखरच बाधते त्यांच्या घरी लगेच शेळी येते. हा गैरसमज फार जुना आहे. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातील प्रथिने इतकी सारखी असतात की गाईचे दूध बाधणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचेही बाधते. त्यातून शेळीच्या दुधात फोलेट फार कमी. नुसत्या त्यावर वाढणारे बाळ फिके पडते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे स्तनपान तर कोणत्याही इसबासाठी तोडू नये. वरचे दूध खरेच बंद करावे लागले तर त्याची भरपाई लिहून द्यावी लागते: नाचणी, जिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळाची चटणी, डाळी, अंडे चालत असेल तर अंडे. दर महिन्याला वजन. आणि सहा महिन्यांनी-वर्षाने पुन्हा परीक्षा, कारण दुधाची ॲलर्जी असलेली बहुतेक मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत तीतून सुटतात.

बाकी इसबाचा मुख्य उपचार ताटात नसून न्हाणीघरात आहे. रोज कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, साबण नाममात्र, अंग टिपून घ्यायचे आणि ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे व्हॅसलीन भरपूर लावायचे; दिवसात दोनतीनदा. नखे कापलेली, कपडे सुती. बोअरचे जड पाणीच सगळ्याचे कारण आहे असे कित्येक जण म्हणतात. इंग्लंडात ३३६ मुलांच्या घरी पाणी मऊ करणारी यंत्रे बसवून पाहिली, २०११ साली निष्कर्ष आला की इसबात त्याने काही विशेष फरक पडला नाही. तेव्हा त्या यंत्राचा खर्च तेलात घालावा. डॉक्टरने दिलेले स्टिरॉइडचे मलम सांगितले तितके दिवस, सांगितले तेथेच लावावे. औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' म्हणून मागून आणलेले तिहेरी मिश्रणाचे मलम मात्र लेकराच्या अंगाला लावू नये. त्याने गजकर्ण दडतो आणि पसरतो, आणि कातडी पातळ होते.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी उद्यापासून एक करावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जेथे आपण दुधाचे आणि गॅसचे टिपण करतो तेथेच, मुलाने नवीन काय खाल्ले, रात्र कशी गेली, लग्नाला किंवा शेतात नेले होते का, तेल लावावयाचे राहिले का, एवढे चार शब्द लिहावे. दोन महिन्यांचे पान झाले की ते फाडू नये. डॉक्टरकडे येताना मुलाबरोबर तेही आणावे, आणि जमल्यास घरातल्या तेलाची पिशवीही.